खोली-ध्वनिसुधारणा, अंकीय

खोलीमुळे ध्वनिक्षेपकाच्या आवाजात येणारे दोष संगणकीय गाळण्यांनी कमी करण्याचे तंत्र. समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून स्थिर तरंग तयार होतात. ५ मी. लांबीच्या खोलीत असा पहिला अनुनाद सुमारे ३४ हर्ट्झला येतो, पुढचे त्याच्या पटीत. म्हणून डग्ग्याचा घुमारा एका खुर्चीत अंगावर येतो आणि शेजारच्या खुर्चीत विरतो.

मापनासाठी श्रोत्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवतात. आसपासच्या अनेक बिंदूंवर हे पुन्हा करणे आवश्यक असते. एकाच बिंदूवर बेतलेली सुधारणा डोके जरा हलले तरी फसते. स्वीडनमधील ‘डिराक लाइव्ह’ व अमेरिकेतील ‘ऑडिसी’ या प्रसिद्ध प्रणाली होत. ‘रूम ईक्यू विझार्ड’ विनामूल्य मिळते.

खर्जातले उंचवटे उतरवण्यात हे तंत्र खरोखर प्रभावी आहे. लहरींनी एकमेकींना छेदून पडलेला खड्डा मात्र शक्ती वाढवून भरत नाही. प्रवर्धकावर ताण तेवढा येतो. रेंगाळणारा निनादही फारसा घटत नाही. त्यासाठी ध्वनिशोषक साहित्यच लागते. ध्वनिक्षेपकांची आणि बैठकीची जागा आधी बदलून पाहावी, मगच मापनाला हात घालावा.