गहाण सुटेपर्यंत

गेल्या वर्षी गृहकर्जाच्या कागदांवर मी सह्या केल्या. किती केल्या ते मोजले नाही. निकालपत्रकांवर सह्या करण्याची सवय असल्यामुळे हात दुखला नाही इतकेच. शेवटी बँकेतील मुलीने घराचे मूळ खरेदीखत माझ्याकडून घेतले आणि गोड आवाजात सांगितले, ‘सर, हे आता आमच्याकडे राहील.’ तेव्हा मात्र पोटात कालवले.

त्याला कारण आहे. माझ्या पणजोबांनी शिरूर तालुक्यातील राहते घर तीनशे रुपयांस ‘मुदतखरेदी’ लिहून दिले होते. कागद खरेदीचा, बोली गहाणाची. पाच वर्षांत पैसे परत केले तर घर परत. नाही तर खरेदी कायम. मुदतीच्या आदल्या आठवड्यात ते पैसे घेऊन गेले, तर सावकार यात्रेला गेलेले. ते परतले तेव्हा मुदत उलटली होती. आजोबा ही हकीकत सांगताना सावकाराला एकही शिवी देत नसत. म्हणत, ‘कागद त्याचा होता.’

इंग्रजीतला ‘मॉर्गेज’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतला असून त्याचा अर्थ मेलेले तारण असा होतो. सतराव्या शतकातला इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक याने त्याची फोड केली ती अशी : पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोपुरती मेली, आणि फेडले तर धनकोपुरती मेली. पुढे इंग्लंडातील चान्सरी कोर्टाने ही मुदतीची तलवार बोथट केली. तारीख टळली तरी ऋणकोने वाजवी अवधीत मुद्दल, व्याज व खर्च आणून दिला तर मालमत्ता सोडवून घेता येते, हे तत्त्व तिथे रुजले. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण सोडवण्याचा हा हक्क आला.

परंतु आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकाआधी दामदुपट होती. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नाही, हा जुना हिंदू नियम. १८५५ साली सरकारने व्याजावरच्या मर्यादा उठवल्या, तरी मुंबई इलाख्यातील कोर्टांनी दामदुपट मानणे सोडले नाही. मग कुणबी बुडाला कसा? मला वाटते, यातली मेख १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. साध्या, न नोंदलेल्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत ठेवली, ती ऋणकोच्या सोयीसाठी. सावकाराने काय केले, तर दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. नवा रोखा म्हणजे नवे मुद्दल. दामदुपट पुन्हा शून्यापासून. वर्गात मी हे गणित मुलांना घालतो. दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याज. शंभराचे तीन वर्षांनी एकशे बहात्तर, सहा वर्षांनी दोनशे शहाण्णवच्या आत, नऊ वर्षांनी पाचशे नऊच्या आसपास. रोखा एकच राहता तर दोनशेवर एक पैही मागता आली नसती!

त्यात अमेरिकेतील यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला आणि नव्या पाहणीत जमिनीचा सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला. लोकांनी रोखे व हुकूमनामे मागितले आणि जाळले. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. शत्रू माणूस नसून कागद आहे, हे त्या निरक्षर लोकांनी अचूक ओळखले होते.

१८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ देवघेवीपासून हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. साहजिकच सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. पुढे दुरुस्ती होऊन, खरेदी दिसणारा व्यवहार वास्तविक गहाण होता, असे शेतकऱ्याला तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा मिळाली. म्हणजे माझे पणजोबा कोर्टात जाते तर निदान त्यांचे म्हणणे ऐकले गेले असते. ते गेले नाहीत. असा कायदा आहे हेच त्यांना कोणी सांगितले नाही.

शहरातली गोष्ट निराळी. मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील व्यापाऱ्यांसाठी मालकीचे कागद नुसते हवाली करून गहाण ठेवण्याची सोय होती. बँकेतल्या त्या मुलीने माझ्याकडून करवून घेतले ते हेच. मध्यमवर्गीय मात्र भाड्याच्या बिऱ्हाडात राहिला. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, तो पहिला मोठा अपवाद. पगारदाराला घरासाठी हप्त्याने कर्ज देणे हाच मुख्य धंदा असलेली एचडीएफसी हसमुखभाई पारेख यांनी काढली ती १९७७ साली.

हप्त्याचे गणितही मौजेचे आहे. एक लाख, नऊ टक्के, वीस वर्षे : हप्ता सुमारे नऊशे. पहिल्या महिन्यात त्यातले साडेसातशे व्याजाचे, दीडशे घराचे. वीस वर्षांत भरायचे दोन लाख सोळा हजार. दामदुपट ओलांडली म्हणून कोर्टात जाऊ नये. तो नियम थकलेल्या व्याजाचा, भरलेल्या व्याजाचा नव्हे. पहिल्या वर्षांत जमेल तितके मुद्दल जादा भरावे, हाच त्यावर उतारा.

आणि थकले तर? २००२ च्या सरफेसी कायद्याने नव्वद दिवस थकबाकी राहिल्यावर साठ दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावता ताबा घेण्याचा अधिकार बँकांना दिला. घर सोडवण्याची संधी पूर्वी विक्री होईपर्यंत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ती लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहिली. चान्सरी कोर्टाने बोथट केलेल्या तलवारीला पुन्हा धार लावण्याचाच हा प्रकार, असे मला वाटते.

उलट २०२३ साली रिझर्व्ह बँकेने फर्मावले की, कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये ऋणकोला द्यावेत. हे मी घरी वाचून दाखवले. बायको म्हणाली, ‘आपल्याला किती वर्षांनी?’ मी म्हणालो, ‘एकोणीस.’ तिने बँकेची पोच घडी करून पणजोबांच्या मुदतखरेदीच्या नकलेशेजारी, पेटीत ठेवली.