ल्युकेमियावरील लक्ष्यित उपचार

ल्युकेमियावरील लक्ष्यित उपचार म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींमधील विशिष्ट रेणूला रोखणाऱ्या औषधांनी केले जाणारे उपचार होत. केमोथेरपी वेगाने विभाजित होणाऱ्या निरोगी पेशींनाही इजा करते. लक्ष्यित औषधांचा रोख मुख्यतः रोगाला कारणीभूत असलेल्या बिघाडावर असतो. तरीही ती दुष्परिणामांपासून मुक्त नाहीत.

कार्यपद्धती

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हे या पद्धतीचे ठळक उदाहरण आहे. १९६० मध्ये पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. ते ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीतून बनते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीतून तयार होणारे 'बीसीआर-एबीएल' हे प्रथिन पेशींना सतत वाढीचा संदेश देते. इमॅटिनिब हे औषध त्याचे कार्य थांबवते. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली.

प्रथिनात नवे उत्परिवर्तन झाल्यास औषध निष्प्रभ ठरू शकते. अशा वेळी डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिब देतात. 'टी३१५आय' या उत्परिवर्तनावर मात्र तीही चालत नाहीत, तेथे पोनॅटिनिब उपयोगी पडते. गोळ्या नियमित घेणे आणि ठरावीक काळाने रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण तपासणे आवश्यक असते.

भारतातील पेटंट खटला

इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिक रूपाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नई येथे अर्ज केला. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्यास विरोध नोंदवला. मूळ औषधाचा मासिक खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय जेनेरिक औषधाचा सुमारे ८ ते १० हजार रुपये होता. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाच्या निकालाद्वारे कंपनीचे अपील फेटाळले. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने उपचारात्मक परिणामकारकता वाढते असे सिद्ध न झाल्यास, पेटंट कायद्याच्या कलम ३(डी)नुसार पेटंट देता येत नाही, असा त्याचा आशय होता. त्यामुळे भारतात जेनेरिक इमॅटिनिब उपलब्ध राहिले.

इतर प्रकार

ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेले ट्रेटिनॉइन व आर्सेनिक ट्रायऑक्साइड एकत्र वापरतात. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात इब्रुटिनिब व व्हेनेटोक्लॅक्स दिले जाते. पेशींच्या पृष्ठभागावरील 'सीडी१९' प्रथिनाला लक्ष्य करणारी 'नेक्सकार१९' ही कार-टी पेशी उपचारपद्धती आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झाली. तिला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.