उघडी पेटी आणि बंद पेटी

तरुण मुलांच्या बैठकीत गेली पंचवीस-तीस वर्षे एक वाद रंगत आला आहे. पडद्यावरचे खेळ खेळावयाचे, ते संगणकावर की कन्सोलवर? संगणकाचा कैवारी म्हणतो, “माझ्या यंत्रातले ग्राफिक्स कार्ड मी स्वतः निवडले आहे, उद्या याहून चांगले निघाले तर तेही बसवीन.” कन्सोलचा कैवारी म्हणतो, “मला पेच फिरवीत बसावयाचे नाही. पेटी दूरचित्रवाणीला जोडली की खेळ सुरू झाला पाहिजे.” वडीलधाऱ्या मंडळींना हा सारा पोरवयाचा हट्ट वाटतो. परंतु या वादाच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे. यंत्र विकत घेतल्यावर त्याच्यावर सत्ता कोणाची? घडविणाऱ्याची, की वापरणाऱ्याची?

हा प्रश्न भिलाईच्या माणसाला नवखा वाटू नये. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत या कारखान्याने नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांची भर घातली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. यंत्रे परदेशातून आली. पण ती नुसती आणून उभी करावीत आणि बिघडली की परदेशाकडे तोंड करावे, अशी ही योजना नव्हती. भारतीय अभियंत्यांना सोव्हिएत कारखान्यांत शिकविण्याची तरतूद त्यात होती, आणि पुढच्या विस्तारांत भारतीय हातांचा वाटा वाढत गेला. यंत्र आतून कळले पाहिजे, हा त्या नगरीचा पहिला संस्कार होय. त्याच नगरीच्या तिसऱ्या पिढीपुढे हा प्रश्न आता टेबलावर मावणाऱ्या पेटीच्या रूपाने उभा आहे.

या दोन पेट्यांची कुळे प्रथम पाहू. घरच्या दूरचित्रवाणीला जोडावयाचे पहिले खेळयंत्र, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, अमेरिकेत १९७२ साली बाजारात आले. त्याचा जनक राल्फ बेअर. १९७७ साली अटारी कंपनीचे यंत्र निघाले आणि खेळ वेगळ्या कॅसेटवर विकण्याची रीत रुळली. १९७९ साली याच कंपनीतून बाहेर पडलेल्या काही जणांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही संस्था काढून अटारीच्या यंत्रासाठी खेळ विकावयास आरंभ केला. अटारीला त्यांना रोखता येईना. मग ज्याला त्याला खेळ करावेसे वाटू लागले, बाजार सुमार खेळांनी भरून गेला, आणि १९८३ साली अमेरिकेतला तो धंदा कोसळला.

जपानच्या निन्तेन्दो कंपनीने यातून धडा घेतला. १९८५ साली तिने अमेरिकेत आणलेल्या यंत्रात कुलुपासारखी एक चिप बसविलेली होती. कंपनीच्या परवानगीवाचून केलेली कॅसेट त्यात चालत नसे. बंद पेटीचा जन्म हा असा आहे. तो केवळ लोभातून झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्राहकाला भरवशाचा माल मिळावा हाही हेतू त्यात होता. मात्र भरवसा देणाऱ्याने किल्ली आपल्या कनवटीला ठेवली.

दुसरे कूळ याच्या अगदी उलट. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तो बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून जोडलेला. त्याची तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, आणि आत जादा कार्डे बसविण्यासाठी पाच खाचा मोकळ्या ठेवल्या. थोड्याच काळात इतरांनी तसेच संगणक बनविले. आयबीएमच्या हातून तो बाजार निसटला, पण साऱ्या जगाला एक मोकळे यंत्र मिळाले. ग्राफिक्स कार्ड ही स्वतंत्र वस्तू म्हणून वाढली, ती या मोकळ्या खाचेत. खाच नसती तर कार्ड नसते, आणि कार्ड नसते तर आजचा हा वादही नसता.

हे कार्ड करते काय? आजच्या साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. खेळातले चित्र सेकंदाला साठ वेळा बदलावयाचे म्हटले, तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. प्रत्येक बिंदूचे गणित लहान, पण गणिते असंख्य. एखाद्या प्रकांड पंडिताला ही गणिते ओळीने सोडवावयास बसविले तर तो थकून जाईल. पण हजारो शाळकरी मुलांना एकेक गणित वाटून दिले तर काम क्षणात उरकेल. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा पंडित, आणि ग्राफिक्स कार्ड ही मुलांची शाळा.

१९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले. ते इतके एकमार्गी होते की साध्या चित्रासाठी संगणकात दुसरे कार्ड ठेवावे लागे. पण खेळातल्या भिंती, पाणी, धूर त्याने डोळ्यांपुढे जिवंत उभे केले. १९९३ साली स्थापन झालेल्या एन्व्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड काढले आणि त्याला ‘जीपीयू’ हे नाव देऊन ते रूढ केले. पुढच्याच वर्षी थ्रीडीएफएक्सची मालमत्ता तिने विकत घेतली. गंमत अशी की, २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलमध्ये प्रोसेसर इंटेलचा आणि ग्राफिक्स चिप याच एन्व्हिडियाची होती. बंद पेटी उघडून पाहिली तर आत संगणकच निघाला! भांडणारे दोघे चुलत भाऊ आहेत, हे तेव्हाच स्पष्ट व्हावयास हवे होते.

आता आपल्या देशाकडे वळू. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जी वस्तू आली, ती बहुधा निन्तेन्दोच्या जपानी यंत्राची स्वस्त नक्कल असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांत कॅसेटची अदलाबदल करीत. मूळ कंपन्यांचे कन्सोल रीतसर मार्गाने उशिरा आले, आणि आले तेही महाग. सोनीचा प्लेस्टेशन ३ येथे २००७ साली ३९,९९० रुपयांस मिळू लागला. उलट संगणक घरात आणावयास एक सबळ सबब होती: अभ्यास. कारखान्याच्या वसाहतीत, जेथे मुलाने अभियंता व्हावे ही घराघरातली आकांक्षा, तेथे ही सबब अधिकच वजनदार ठरे. खेळासाठी चाळीस हजार मागणाऱ्या मुलाला वडील उंबऱ्यातूनच परत पाठवीत. शिक्षणासाठी संगणक मागणाऱ्याला हप्त्याने का होईना, तो मिळे. पुढे ग्राफिक्स कार्ड बसविले की तोच संगणक खेळयंत्र होई.

परंतु केवळ घरगुती सबबींनी इतिहास घडत नाही. सरकारी जकातीचाही त्यात हात असतो. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्यानुसार संगणक आणि त्याचे सुटे भाग यांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आले. खेळाचे कन्सोल त्या यादीत नव्हते; जकातीच्या दप्तरी त्यांची जागा पत्ते, बिलियर्ड्स अशा करमणुकीच्या साधनांबरोबर आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पाने कन्सोलवरील सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेले. त्याआधी जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा संगणकाला १८ टक्क्यांचा दर आणि कन्सोलला चैनीच्या वस्तूंचा २८ टक्क्यांचा दर लावण्यात आला. जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे आपल्या मुलांच्या वादात शासनाने नकळत एका बाजूने कौल दिला होता.

या कौलाचा एक परिणाम चांगला झाला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांतून सुटे भाग आणून संगणक जोडण्याची विद्या गावोगाव पसरली. घर पाहावे बांधून म्हणतात. संगणकही पाहावा जोडून! कोणता भाग कोणत्या खाचेत बसतो, वीजपुरवठा किती वॉटचा हवा, पंखा अडला तर कार्ड का तापते, हे ज्ञान पुस्तकाआधी बोटांना झाले. कन्सोल घेणाऱ्याला खेळ मिळाला. संगणक जोडणाऱ्याला खेळाबरोबर कारागिरी मिळाली.

बंद पेटीवरचा हक्क किती कच्चा असतो, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. प्लेस्टेशन ३ मध्ये प्रारंभी दुसरी कार्यप्रणाली बसविण्याची मुभा होती. तिचा लाभ घेऊन अमेरिकेच्या वायुदलाने सतराशेंहून अधिक प्लेस्टेशन एकत्र जोडून एक महासंगणक उभा केला. पण १ एप्रिल २०१० रोजी सोनीने नवी प्रणाली पाठवून ती मुभाच काढून घेतली. पेटी ग्राहकाच्या घरात, पैसे ग्राहकाचे, आणि दार मात्र दुरून बंद झाले. याविरुद्ध अमेरिकेत दावेही झाले.

उघड्या पेटीची कथा मात्र वेगळ्या दिशेने गेली, आणि तिचा धागा पुण्याला येऊन मिळतो. ऐंशीच्या दशकात भारताला हवा तसा प्रगत महासंगणक देण्यास अमेरिका तयार होईना. तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही, तर ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून समांतर काम करून घ्यावे, ही त्यामागची युक्ती. पंडित मिळेना, म्हणून शाळा भरविली! ग्राफिक्स कार्डाचे तत्त्वही जातीने हेच आहे.

२००७ साली एन्व्हिडियाने ‘कुडा’ ही प्रणाली खुली केली. तिच्यामुळे खेळाच्या कार्डाकडून विज्ञानाची गणिते करून घेणे सोपे झाले. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातील क्रिझेव्हस्की, सुत्स्केव्हर आणि हिंटन यांनी चित्रे ओळखणारी जी प्रणाली घडविली आणि जिच्यापासून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे पर्व मोजले जाते, ती खेळासाठी विकल्या जाणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकविली होती. मुलांच्या खेळाच्या पैशांवर पोसलेली विद्या शास्त्रज्ञांच्या कामी आली. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत पुण्याचा ‘परम सिद्धी’ त्रेसष्टाव्या स्थानी होता. त्याचे सामर्थ्य एन्व्हिडियाच्याच जीपीयूंत होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने १०,३७२ कोटी रुपयांच्या कृत्रिम बुद्धिमत्ता योजनेस मान्यता दिली. तिच्या अग्रभागी दहा हजारांहून अधिक जीपीयू उपलब्ध करून देण्याचा संकल्प आहे.

येथेच काळजीचे कारणही उपजते. ज्या वस्तूला शास्त्रज्ञ, सरकारे आणि धनाढ्य कंपन्या मागणी करू लागतात, ती पोरांच्या आवाक्यात राहत नाही. २०२१ साली प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांस आला. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० या एका कार्डाची येथली किंमत १,५५,००० रुपयांपासून होती, आणि २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ची २,१४,००० रुपयांपासून. हे दुसरे कार्ड एकटे ५७५ वॉटपर्यंत वीज खाते. म्हणजे उघड्या पेटीला आता किमतीचे कुलूप लागले आहे. चिपचे कुलूप परवानगी नसलेल्याला अडवी. हे कुलूप पैसे नसलेल्याला अडविते. अशा वेळी कन्सोलचा कैवारी म्हणाला की पन्नास हजारांत पूर्ण खेळ देणारी माझीच पेटी गरिबाची, तर त्याला उत्तर देणे सोपे नाही.

तथापि उत्तर आहे, आणि ते सर्वांत महाग कार्डात शोधू नये. उघड्या पेटीचे मोल तिच्या वेगात कधीच नव्हते. ती उघडता येते यात होते. दहा वर्षांपूर्वीचे, दुसऱ्या हाताने घेतलेले कार्डही तोच धडा देते, त्याच्यावरही समांतर गणित मांडता येते. दोन कार्डांनी एक युग सुरू केले, ती कार्डे त्या काळीही राजवाड्यातली नव्हती. करमणूक हवी त्याने कन्सोल खुशाल घ्यावा. विसाव्याला कारागिरीची सक्ती कशाला? पण ज्या मुलाला पेटीच्या आत काय आहे याचे कुतूहल आहे, त्याच्या हातात कुलूपबंद वस्तू देऊन त्याला गप्प बसवू नये.

१४ जून २०१८ रोजी भिलाईत एकाच दिवशी दोन समारंभ झाले: विस्तारलेल्या पोलाद कारखान्याचे लोकार्पण, आणि भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या वास्तूची पायाभरणी. ज्या नगरीने एकेकाळी परक्या यंत्राचे अंतरंग शिकून घेतले, तिच्याच वेशीवर आता या नव्या यंत्राची विद्या शिकविली जाते. त्या विद्येच्या वर्गात पुढच्या बाकावर बसणारी मुले कालपर्यंत घरात पंख्याची धूळ झटकीत, कार्ड पुन्हापुन्हा काढून बसवीत असतील. त्यांच्या आईवडिलांनी तेव्हा त्यांना वेळ वाया घालवितोस म्हणून रागे भरले असल्यास, तो राग आता मागे घ्यावयास हरकत नाही.