काढून घेतलं, तर द्यायचं काय?

मंडळी, गावात पोरगं मिसरूड फुटायच्या वयाला आलं, की घरची माणसं त्याला काय करू नको हेच जास्त सांगतात. पारावर टवाळक्या करू नको, रात्रीचा हिंडू नको, आणि आता तर मोबाइलला हात लावू नको. सगळं खरं. पण मग त्यानं करायचं काय, हे सांगायला कोणी बसत नाही. वाशी तालुक्यातल्या वाडीवस्तीवर हा प्रश्न आज आहे. तसाच तो चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका चर्चमध्येही निघाला होता. त्यातून आपल्या मराठीला एक मोठा ग्रंथ मिळाला. त्याची हकीकत आज ऐकू या.

कॅथलिक ख्रिस्ती समाजात एका चर्चच्या आसपासची जी वस्ती, तिला धर्मग्राम म्हणतात. तिथल्या मुलांना रविवारी एकत्र बसवून धर्माचे पाठ द्यायचे, ही तिथली जुनी रीत. आपल्याकडे सप्ताहात पोरं टाळ धरायला शिकतात आणि ऐकता ऐकता अभंग पाठ करतात, तसंच हे काहीसं.

गोव्याच्या दक्षिणेला सासष्टी नावाचा तालुका आहे. पोर्तुगीज अंमलात, १५६७ साली, तिथली देवळे पाडली गेली. जुने सण, जुन्या पोथ्या यांवर बंदी आली. बंदी घालणाऱ्यांना वाटलं, काम झालं. पण माणसाच्या मनातली जागा अशी रिकामी राहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते ज्यांच्या ध्यानात आलं, त्यांचं नाव फादर थॉमस स्टीफन्स. हे मूळचे इंग्रज, १५७९ साली गोव्यात आले आणि पुढं १६१९ साली मरेपर्यंत तिथंच राहिले. सासष्टीतल्या लोकांत राहून त्यांनी मराठी आणि कोकणी आत्मसात केली. त्यांच्या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. रविवारचा दिवस आहे, चर्चमध्ये मुलांना धर्माचे पाठ चालले आहेत. तिथं नव्यानं बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण येतो आणि विचारतो: आमची पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का करून देत नाही?

बघा, किती नेमका सवाल! त्या माणसाची तक्रार नव्या धर्माविषयी नव्हती. संध्याकाळी दिवा लावल्यावर वाचायचं काय, पोराबाळांना ऐकवायचं काय, एवढंच त्याला हवं होतं.

स्टीफन्स यांनी त्याला गप्प बसवलं नाही. त्यांनी पुराणच लिहिलं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि छंद आपल्या ज्ञानोबा-एकनाथांच्या वाटेनं जाणारा. हेच ते 'क्रिस्तपुराण'. १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं. देवनागरी खिळे मिळाले नाहीत म्हणून मराठी पुस्तक रोमन लिपीत निघालं. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या गुरुजी मंडळींना ठाऊक असतीलच. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये हे पुराण वाचलं जाई, आणि लोक बसून ऐकत. मुलांच्या वर्गात उठलेल्या एका प्रश्नाचं हे उत्तर!

पण पुढं काय झालं, तेही ऐकून ठेवा. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं. जे देणं सुरू झालं होतं, त्याच्यावरच घाव बसला. तिथल्या मराठी-कोकणी लिखाणाचा झरा पुढं आटत गेला.

तरी धर्मग्रामात मुलांना द्यायची एक गोष्ट टिकून राहिली, ती म्हणजे संगीत. चर्चला जोडलेल्या शाळेत अक्षरांबरोबर सुरांची लिपी वाचायला शिकवत. गरिबाचं पोरही व्हायोलिन हातात धरी. माजोर्डे गावात चर्चच्या गायकवृंदाला शिकवणाऱ्या एका मास्तरांचा मुलगा, अँथनी गोन्साल्विस, पुढं मुंबईच्या सिनेमासृष्टीत वादक झाला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालांना व्हायोलिन त्यांनीच शिकवलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या सिनेमातल्या गाण्यात जे नाव येतं, ते शिष्यानं गुरूला केलेलं वंदन आहे. रेडिओवर तुम्ही-आम्ही ऐकलेल्या कितीतरी गाण्यांतला वाद्यमेळ असा चर्चच्या अंगणातून आलेला आहे.

परदेशातही हेच दिसतं. इटलीत तुरीन शहरात १८४१ साली जॉन बॉस्को या तरुण धर्मगुरूंनी रविवारी पोरं जमवायला सुरुवात केली. गावं सोडून मजुरीला आलेली, गवंड्याच्या हाताखाली राबणारी ही पोरं. त्यांना नुसता उपदेश करून भागलं नाही. खेळायला अंगण दिलं, गाणी दिली, मग चांभारकाम आणि शिवणकाम शिकायला कारखाना दिला. त्यांच्या संघाची माणसं १९२८ साली मुंबईत आली. 'डॉन बॉस्को' हे शाळेचं नाव त्यांचंच.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. तेरच्या गोरोबाकाकांचं नाव संमेलननगरीला दिलं होतं. अध्यक्ष होते वसईच्या नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला होता; पण त्यांचं मराठीतलं काम सगळ्यांसमोर होतं. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन त्यांनी अनेक वर्षं केलं, बायबल सोप्या मराठीत आणलं. वसईत विहिरींचं पाणी टँकरनं उपसलं जाऊ लागलं, वाड्या-बागा इमारतींखाली जाऊ लागल्या, तेव्हा 'हरित वसई' चळवळीत ते पुढं झाले आणि गावोगावची माणसं, त्यात तरुणही, त्यांच्याबरोबर रस्त्यावर उतरली. पाण्याचं मोल वाशीकरांना वेगळं सांगायला नको! २५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो गेले. क्रिस्तपुराणानं चारशे वर्षांपूर्वी धरलेली मराठीची वाट त्यांनी सोडली नाही.

मंडळी, धर्म कोणताही असो, यातली खूणगाठ सगळ्यांच्या कामाची आहे. पोरांच्या हातून एखादी गोष्ट काढून घेतली, तर तितक्याच तोलाची दुसरी द्यावी लागते, आणि तीही त्यांना कळेल अशा भाषेत. गुरुजी, शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवा. भजनी मंडळींनो, पोरांना नुसतं मागं बसवू नका, पखवाज हाती द्या. कोणी पोरगं उठून विचारील, हे नको तर मग काय? त्याला उद्धट समजून खाली बसवू नका. अशाच एका सवालानं मराठीला अकरा हजार ओव्या दिल्या आहेत.