गावठाणाचे शहाणपण

शहापूर आणि मुरबाड यांच्यामधल्या किन्हवली परिसरातली जुनी गावे मी पाहतो, तेव्हा त्यांची मांडणी लक्षात येते. घरे उंचवट्यावर, मुरमाड जागेत; भाताची खाचरे खाली, सखलात. पिकाची जमीन वाचावी आणि पावसाचे पाणी घरात न शिरता शेतात उतरावे, हा त्यामागचा हिशेब. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही गावठाणाची हद्द वेगळी मानली.

पाण्याचा इतिहास मात्र उलटा आहे. मुंबईसाठी १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले. पुढे मोडकसागर आणि भातसा आले. ही तिन्ही धरणे शहापूर तालुक्यातली. तरीही इथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

२०२५ मध्ये समृद्धी महामार्ग या तालुक्यातून पूर्ण झाला. आता शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी प्लॉट पडतात. खाचरात भराव टाकला की ओढ्याची वाट अडते. खाली काळा कातळ. त्याच्या भेगांत साठते तेवढेच पाणी. प्रत्येक बंगल्याला बोअर मारली, तर शेजारच्या विहिरीला काय उरणार?

इथे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटर छपरावर अडीच लाख लिटर पाणी! त्यातले काही टाकीत, काही जमिनीत गेले, तरी मोठी सोय होईल. माझे म्हणणे एवढेच, की बांधकामाची परवानगी देताना सातबाऱ्याबरोबर पाण्याचाही हिशेब मागावा. जुन्या गावांनी तो घर बांधण्याआधीच केला होता.