उखाणा, हुमाणे आणि ओडपु : सुप्याकडील कोड्यांचा भाषिक इतिहास

‘उखाणा’ हा शब्द ऐकला की आजच्या मराठी वाचकास लग्नमंडप आठवतो. नववधूस घेरून बायका ‘नाव घे’ म्हणतात आणि ती यमक जुळवून पतीचे नाव घेते. परंतु उखाणा या शब्दाचा दुसरा, आज मागे पडलेला अर्थ कोडे असा आहे, आणि खेड्यापाड्यांतील वृद्ध माणसे तो अद्याप त्याच अर्थाने वापरतात. एकाच शब्दात हे दोन अर्थ नांदावेत यात नवल नाही. पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये असा जुना दंडक होता. घ्यावेच लागले तर ते ओवीच्या घडीत दडवून घ्यायचे, आणि दडवलेले ओळखावयास लावणे हेच तर कोड्याचे काम.

हा केवळ मराठीचा विशेष असता तर आम्ही एवढे थांबलो नसतो. उत्तर कर्नाटकाच्या कन्नड बोलीत ‘ओडपु’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ कोडे, आणि तिकडच्या लग्नात नवरीने पतीचे नाव गुंफून म्हणावयाच्या पद्यासही ओडपुच म्हणतात. ‘ओडे’ म्हणजे फोडणे. नारळ फोडावा तसे ओडपु फोडावयाचे. म्हणजे शब्द दोन, कुळे दोन (एक आर्य, एक द्राविड), आणि अर्थांची जोडी मात्र हुबेहूब एक. हा योगायोग आहे असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. शतकानुशतके एकमेकींच्या ओट्यावर बसणाऱ्या बायकांनी ही जोडी घडवली, असे आमचे मत आहे.

जोयडा तालुका, म्हणजे जुना सुपा तालुका, या देवघेवीच्या मधोमध आहे. पश्चिमेस गोवा, उत्तरेस खानापूर, पूर्वेस हल्याळ. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. दफ्तरे बदलली, शाळांच्या भाषा बदलल्या. घरातली कोडी कोणी बदलली नाहीत. येथील कुणबी आणि इतर समाजांच्या बोलीत मराठी-कोकणीचे धागे असे गुंतलेले आहेत की कोड्यास कोणी उखाणा म्हणतो, तर कोणी कोकणीतले ‘हुमाणे’ म्हणतो. ही बोली कोणाची, हा वाद तूर्त बाजूस ठेवू. तो कज्जा मोठा आहे आणि येथे निकाल लागणार नाही.

कोड्याचे वय मात्र या सर्व राज्यांहून मोठे. अश्वमेधात ऋत्विज एकमेकांस विचारीत : एकटा कोण चालतो, पुन्हा पुन्हा कोण जन्मतो, थंडीवर औषध कोणते? उत्तरे अनुक्रमे सूर्य, चंद्र, अग्नी. महाभारतातील यक्षाने तळ्याकाठी पांडवांस प्रश्न घातले तेव्हा पैज प्राणांची होती. पुढे दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. आमच्या संतांनी तोच प्रकार ‘कूट’ म्हणून उचलला. काट्याच्या अणीवर गावे वसवणारे ज्ञानदेवांच्या नावावरील कूट वारकऱ्यांस ठाऊक आहेच.

आता मुद्द्याकडे येऊ. सीमाभागात कोडी ऐकताना आम्हांस त्यांच्या दोन जाती दिसतात. एक डोळ्यांनी पाहिलेली आणि दुसरी कानांनी ऐकलेली. पहिली जात कोठेही जाते. सूपभर लाह्यांत एकच रुपया, म्हणजे चांदण्या आणि चंद्र. बत्तीस चिऱ्यांच्या वाड्यात फिरणारी नागीण, म्हणजे जीभ. कोकणातून आलेली, मानेवर बुक्की बसताच घरभर लेकी पसरणारी बाई, म्हणजे लसूण. ही कोणत्याही भाषेत सांगा, उत्तर तेच.

नदीच्या कोड्याचेही तसेच. वाघ, शेळी आणि गवताचा भारा पलीकडे न्यायचा. होडीत नावाड्यासोबत एकच मावतो. वाघ-शेळी किंवा शेळी-गवत एकटी सोडायची नाहीत. आधी शेळी न्यावी, रिकामे परतावे, वाघ न्यावा, शेळी परत आणावी, गवत न्यावे, रिकामे परतावे आणि शेवटी शेळी न्यावी. सात खेपा. युरोपात हेच कोडे आठव्या शतकातील आल्क्विन या पंडिताच्या नावावरील संग्रहात आढळते. तेथे लांडगा आणि कोबी आहे. काळी नदीकाठच्या मुलास मात्र वाघ कल्पावा लागत नाही. भोवतीच्या रानाचे सरकारी नावच काळी व्याघ्र प्रकल्प आहे.

गणिती कोड्यांस तर भाषेची अडचण मुळीच नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर टेकते, मोडला किती उंचीवर? बारा हातांवर. स्वतः भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे ‘विज्जडविड’ असे लिहून ठेवले, आणि ते चाळीसगावजवळचे पाटण की विजापूर, यावर मराठी आणि कन्नड अभ्यासक भांडत राहिले. उत्तर न देता निजधामास गेलेला असा कोडेकार विरळाच.

दुसरी जात निराळी. तीन अक्षरी फूल सांगा : पहिले अक्षर काढले तर घाण, मधले काढले तर वेदना, शेवटचे काढले तर उणे. उत्तर कमळ, मळ, कळ, कम. हे कन्नडात नेऊन पाहा. तेथे कमळास ‘तावरे’ म्हणतात. त्यातले मधले अक्षर काढले तर ‘तारे’, म्हणजे तारका, उरते. तेही कोडे सुंदरच होईल, पण ते दुसरे कोडे होईल. न्यायालयात साक्ष एका भाषेत होते आणि नोंद दुसऱ्या भाषेत, हे आम्ही नित्य पाहतो. साक्षीचा आशय बहुधा टिकतो. अक्षरांच्या कोड्याची अशी नोंद करताच ते मरते. जे मूल मराठी बोलते पण मराठी अक्षर वाचत नाही, त्याला डोळ्यांची कोडी आजीकडून मिळतील; कानांची मिळाली तरी सुटणार नाहीत.

डोळ्यांची कोडीही सुरक्षित आहेत असे नव्हे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमापाशी वसलेले सुपा गाव १९८०च्या दशकात १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, विस्थापितांची वस्ती रामनगरास झाली. गावाबरोबर उखळ-मुसळ, वाईन, जाते यांची घरेही पांगली. जाते न पाहिलेल्या मुलास जात्याचे कोडे घातले तर तो उत्तर चुकत नाही, त्याला प्रश्नच कळत नाही.

म्हणून वाचकांस विनंती अशी, की घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कोडी उतरवून घेताना केवळ प्रश्न आणि उत्तर लिहू नये. ते कोणत्या गावी ऐकले, सांगणाऱ्याने त्यास उखाणा म्हटले, हुमाणे की ओडपु, आणि उत्तरातली वस्तू घरात आज आहे काय, हेही शेजारी लिहावे. उच्चार सुधारू नयेत. कोकणी की मराठी, याचा रकाना रिकामा ठेवला तरी चालेल.