सूर्याचं ११ वर्षांचं चक्र: बाकीच्या ताऱ्यांनाही असं चक्र असतं का?

मे २०२४ मध्ये माझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लडाखमधल्या हानले इथला एक फोटो आला. रात्रीचं आकाश आणि त्यात लालसर उजेड. मी ताबडतोब ‘एआयने बनवलाय’ असं लिहून मोकळा झालो. फोटो खरा निघाला आणि ग्रुपवर माझी बरीच खेचली गेली. त्या रात्री पृथ्वीवर मोठं सौरवादळ आदळलं होतं, आणि एरवी ध्रुवाजवळ दिसणारा प्रकाश थेट भारतातून दिसला होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात अडकला होता. सूर्य साधारण दर ११ वर्षांनी खवळतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण ही सवय एकट्या सूर्याची की त्याच्यासारख्या सगळ्या ताऱ्यांची? आणि ही सवय कधी सुटू शकते का?

आधी आपला सूर्य

सूर्यावरचे काळे डाग म्हणजे जिथे चुंबकीय क्षेत्र खूप जोरदार असतं अशा जागा. तिथे आतली उष्णता वर यायला अडथळा होतो, म्हणून तो भाग आजूबाजूपेक्षा थंड आणि काळपट दिसतो. जर्मनीतले हाइनरिश श्वाबे हे पेशाने औषधविक्रेते. बुधाच्याही आत एखादा ग्रह सापडतो का, हे बघायला त्यांनी १८२६ पासून रोज सूर्याचे डाग मोजले. ग्रह काही मिळाला नाही, पण डाग ठरावीक काळाने वाढतात आणि कमी होतात हे त्यांनी १८४३ मध्ये जाहीर केलं. पुढे १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेतून दाखवलं, की डागांमागे चुंबकत्व आहे.

हे चुंबकत्व येतं कुठून? सायकलचा डायनॅमो आठवा. सूर्यात चाकाच्या जागी तापलेला, विद्युतभारित प्लाझ्मा आहे. सूर्य घट्ट गोळ्यासारखा फिरत नाही. विषुववृत्ताजवळचा भाग साधारण २५ दिवसांत एक फेरी मारतो, ध्रुवाजवळच्या भागाला त्याहून बरेच जास्त दिवस लागतात. त्यामुळे चुंबकीय रेषा ताणल्या जातात, पिळल्या जातात आणि जागोजागी पृष्ठभाग फोडून वर येतात. ११ वर्षांनी उत्तर आणि दक्षिण ध्रुवांची अदलाबदल होते, म्हणजे पूर्वीच्या स्थितीत परत यायला २२ वर्षं लागतात.

सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. याचा तुमच्या फोनशी संबंध आहे बरं का. जीपीएसचा सिग्नल वातावरणाच्या ज्या वरच्या थरातून येतो, तो थर सौरवादळात विस्कटतो. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत जीपीएसवर चालणारे पेरणीचे ट्रॅक्टर ऐन हंगामात अडले. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकने नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ उपग्रह अशाच एका वादळाने खाली पडून जळाले, आणि ते वादळ तर फार मोठंही नव्हतं.

तारा नुसता ठिपका, मग मोजायचं कसं?

सूर्याचे डाग मोजता येतात कारण तो जवळ आहे. बाकीचे तारे कितीही झूम केले तरी ठिपकेच दिसतात. यावरचा उपाय मला जाम आवडतो: डाग बघायचेच नाहीत, कॅल्शियमचा रंग बघायचा.

ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट पसरवला की जांभळ्या टोकाला, ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरच्या आसपास, कॅल्शियमच्या दोन जाड काळ्या रेषा दिसतात. त्यांना ‘के’ आणि ‘एच’ म्हणतात. ताऱ्यावर चुंबकीय खळबळ वाढली की पृष्ठभागावरचा पातळ थर तापतो, आणि या काळ्या रेषांच्या अगदी मध्यभागी थोडा उजेड भरतो. तो उजेड शेजारच्या रंगांच्या तुलनेत किती आहे, एवढंच मोजायचं. एक आकडा मिळतो. तोच पुन्हा पुढच्या महिन्यात घ्यायचा, पुढच्या वर्षी घ्यायचा.

यात आपला पुण्याचाही हात आहे. आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण आयुकाने तयार केली. तिच्या अकरा फिल्टरपैकी एक नेमका याच ‘एच’ रेषेचा आहे.

ताऱ्यांवर हे काम पद्धतशीरपणे सुरू केलं ओलिन विल्सन यांनी, १९६६ मध्ये, त्याच माउंट विल्सनवरून. (डोंगराचं नाव त्यांच्यावरून नाही, तो निव्वळ योगायोग.) त्यांनी ९१ तारे निवडले आणि वर्षानुवर्षं तेच ते मोजत राहिले. विचार करा, पहिली दहा वर्षं तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही; अर्धवट चढलेली रेघ चक्राचा भाग आहे की नुसताच चढउतार, हेही सांगता येत नाही. त्यांचा मुख्य शोधनिबंध आला १९७८ मध्ये. पुढे इतरांनी हे काम चालू ठेवलं, ते २००३ पर्यंत.

काय सापडलं?

सूर्यासारखी चक्रं सर्रास असतात. मोजलेल्या ताऱ्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये ती दिसली, पण काळ सगळ्यांचा वेगळा. हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी-ए हा ११ प्रकाशवर्षांवरचा तारा सुमारे ७ वर्षांत एक चक्र पुरं करतो, आणि त्याचे चुंबकीय ध्रुवही सूर्यासारखे उलटताना पकडले गेलेत. वृश्चिकेतला १८ स्कॉर्पी हा तर सूर्याचा जुळा म्हणावा असा. त्याचंही चक्र ७ वर्षांच्या आसपास. यमुना तारकासमूहातल्या तरुण एप्सिलॉन एरिडानीत एकाच वेळी दोन चक्रं दिसतात, एक ३ वर्षांचं आणि दुसरं १३ वर्षांचं. आयोटा होरोलॉगी त्याहून घाईतला, दीड वर्षाच्या आसपास. उलट टाऊ सेटीची रेघ जवळपास सपाट.

ढोबळ नियम असा, की तरुण आणि भराभर फिरणारे तारे जास्त खवळलेले आणि बेशिस्त असतात. वय वाढतं तसा फिरण्याचा वेग मंदावतो आणि तारा शांत होतो. पण चक्राचा काळ किती असेल हे फिरण्याच्या वेगावरून अचूक सांगता येत नाही, आणि सूर्य या बाबतीत जरा विचित्र जागी बसतो. त्याच्या फिरण्याच्या वेगाच्या मानाने त्याचं चक्र ताऱ्यांच्या दोन गटांच्या मधोमध पडतं, कुठल्याच गटात धड बसत नाही.

चक्र थांबलेला तारा

१६४५ ते १७१५ या काळात, म्हणजे स्वराज्याच्या उभारणीपासून शाहू महाराजांच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत, सूर्यावर डाग जवळपास दिसेनासे झाले होते. याला माउंडर मिनिमम म्हणतात. मग दुसरा एखादा तारा असा गप्प झालेला सापडतो का? बरेच उमेदवार सुचवले गेले. पण २००४ मध्ये जेसन राइट यांनी दाखवलं, की त्यातले बहुतेक तारे सूर्यासारखे नव्हतेच. ते म्हातारे होऊन फुगायला लागलेले तारे होते. म्हणजे झोपलेले नाहीत, निवृत्त झालेले.

खरा उमेदवार मिळाला २०२२ मध्ये. एचडी १६६६२० हा शौरी तारकासमूहातला, ३६ प्रकाशवर्षांवरचा तारा. विल्सन यांच्या कामापासूनच्या नोंदींत त्याचं सुमारे १७ वर्षांचं चक्र स्वच्छ दिसतं. हवाईतल्या केक दुर्बिणीने २००४ च्या सुमारास त्याला पुन्हा मोजायला घेतलं, तर रेघ सपाट. अ‍ॅना बॉम आणि सहकाऱ्यांनी ५९ ताऱ्यांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी जोडल्या तेव्हा हे लक्षात आलं. ‘उपकरण बदललं म्हणून आकडा बदलला’ ही शंका होतीच. मग माउंट विल्सनच्या आणखी नोंदी आणि दुसऱ्या वेधशाळेने मोजलेला ताऱ्याचा उजेड, दोन्ही मधल्या काळात बसवले. तारा खरंच शांत होत गेला होता.

यूट्यूबवर ‘सूर्य झोपणार, हिमयुग येणार’ असे व्हिडिओ दिसतात, ते मनावर घेऊ नका. एका चक्रात सूर्याची एकूण ऊर्जा फक्त ०.१ टक्क्याच्या आसपास बदलते, आणि युरोपातला तो थंडीचा काळ माउंडर मिनिममच्या आधीच सुरू झाला होता. पण सूर्य असा कधी गप्प होईल हे आज कुणी सांगू शकत नाही, कारण असं होताना आपण एकच तारा नीट पाहिलाय.

ग्रह शोधणाऱ्यांना तर हे रोजचं दुखणं आहे. ग्रह ताऱ्याला हलकेच हलवतो, त्यावरून ते ग्रह ओळखतात. पण चुंबकीय चक्रही वर्णपटात तसाच खोटा हेलकावा निर्माण करू शकतं. आता गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी किती वर्षांची? ११.८६. लांबून आपल्याकडे बघणाऱ्याला आपला सगळ्यात मोठा ग्रह आणि सूर्याचं चक्र वेगळं काढताना चांगलाच घाम फुटेल. केपलर दुर्बिणीची मुख्य मोहीम चार वर्षांत संपली, त्यामुळे तिच्या नोंदींत ११ वर्षांचं चक्र पूर्ण दिसणंच शक्य नाही. जुन्या कॅल्शियमच्या नोंदी अशा वेळी कामी येतात.

एचडी १६६६२० नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, साधी दुर्बीण मात्र पुरते. मे-जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी, फोनवरच्या कुठल्याही आकाशाच्या अ‍ॅपमध्ये अभिजित शोधा. हात सरळ धरून तीन बोटं आडवी लावा. अभिजितच्या पश्चिमेला साधारण तेवढ्याच अंतरावर तो आहे. बाकीच्या मंद ताऱ्यांसारखाच दिसतो, पहिल्यांदा मी दोनदा चुकीचाच तारा बघत बसलो होतो.